बारा ग्रंथींचा निकष : मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील लसीकाग्रंथी-परीक्षणाची चिकित्सा

प्रास्ताविक

मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हाती जो विकृतिशास्त्रीय अहवाल येतो, त्यातील एका लहानशा ओळीवर पुढील उपचारांची दिशा ठरते. काढलेल्या आतड्याबरोबर किती लसीकाग्रंथी तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी कितींमध्ये कर्कपेशी आढळल्या, एवढेच त्या ओळीत नमूद केलेले असते. तेथे ‘०/१४’ असे लिहिले असेल तर रोग फार तर दुसऱ्या अवस्थेत आहे असे मानले जाते. ‘१/१४’ असे असेल तर तो तिसऱ्या अवस्थेत गेला. अंशस्थानी असलेल्या शून्य आणि एक यांतील या अंतराची चर्चा वैद्यकीय वाङ्मयात विपुल झाली आहे. छेदस्थानी असलेला आकडा मात्र बहुधा गृहीत धरला जातो. तो किमान बारा असावा, हा संकेत साडेतीन दशकांपासून जगभर रूढ आहे. या संकेताची शास्त्रीय बैठक कितपत भक्कम आहे आणि विदर्भासारख्या प्रदेशातील रुग्णालयांत तो जसाच्या तसा लावला असता काय घडते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे.

हा प्रश्न केवळ वैद्यकाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. नमुना किती मोठा असावा, मापन नेमके कशाचे होते आणि मापनाचेच उद्दिष्टात रूपांतर झाले की काय बिघडते, हे प्रश्न संख्याशास्त्र, अर्थशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्या अभ्यासकांनाही तितकेच परिचित आहेत.

ग्रंथींना महत्त्व कसे आले

शरीरातील पेशींच्या दरम्यान साचणारा द्रव सूक्ष्म लसीकावाहिन्यांतून परत रक्ताकडे नेला जातो. या वाहिन्यांच्या वाटेवर घेवड्याच्या दाण्यासारख्या लहानमोठ्या ग्रंथी असतात. आतड्याच्या बाबतीत त्या आंत्रबंधाच्या चरबीत, रक्तवाहिन्यांच्या कडेने विखुरलेल्या असतात. मूळ गाठीपासून सुटलेल्या कर्कपेशी प्रथम याच नाक्यांवर अडकतात, असे मानले जाते. अर्नेस्ट माइल्स या ब्रिटिश शल्यविशारदाने १९०८ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगासाठी पोट व गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी करावयाची विस्तृत शस्त्रक्रिया मांडली, तिच्यामागे हाच विचार होता. रोग वर, खाली आणि बाजूला अशा तिन्ही दिशांनी लसीकामार्गाने पसरतो, तेव्हा गाठीबरोबर ते मार्गही काढून टाकले पाहिजेत, असे त्याचे प्रतिपादन होते.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स याने १९३२ मध्ये या विचाराला वर्गीकरणाचे रूप दिले. रोग भिंतीपुरता मर्यादित असेल तर ‘ए’, भिंतीपलीकडे गेला असेल तर ‘बी’ आणि ग्रंथींत पोहोचला असेल तर ‘सी’, अशी ती सुटसुटीत वर्गवारी होती. पुढे १९३५ मध्ये ‘सी’ वर्गाचे, रक्तवाहिनी जेथे बांधली तेथील ग्रंथी बाधित आहे की नाही यावरून, दोन भाग करण्यात आले. अॅस्लर व कॉलर यांची १९५४ मधील सुधारणा, फ्रान्समधील पिएर देन्वा याने १९४३ ते १९५२ या काळात घडविलेली टीएनएम पद्धती आणि १९७७ पासून निघणाऱ्या अमेरिकी संयुक्त समितीच्या पुस्तिका हे त्याच परंपरेचे पुढील टप्पे होत. या साऱ्यांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ड्यूक्सला भाकीत करावयाचे होते. कोणता रुग्ण किती वर्षे जगेल याचा अंदाज त्याला हवा होता. ग्रंथींच्या परीक्षणावरून उपचार ठरविण्याचा प्रश्न त्या काळी फारसा नव्हता, कारण शस्त्रक्रियेनंतर देण्याजोगे परिणामकारक औषधच उपलब्ध नव्हते.

सूक्ष्मदर्शकाला कर्करोगाच्या विचारात मध्यवर्ती स्थान देण्याची ही परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. १९४१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली आणि काचपट्टीवरील पेशींपासून समाजाच्या सवयींपर्यंत कर्करोगाचा माग काढण्याची दृष्टी भारतीय विकृतिशास्त्राला दिली. त्या दृष्टीचा वारसा सांगणाऱ्यांनी एका आकड्यावर थांबावे, हे काहीसे विचित्रच म्हटले पाहिजे.

स्थिती पालटली ती १९९० मध्ये. मोर्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीने असे दाखवून दिले की, ग्रंथी बाधित असलेल्या बृहदांत्राच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर फ्लुरोयुरॅसिल व लेव्हॅमिसोल ही औषधे दिली असता मृत्यूचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटते. २००४ मध्ये मोझाइक चाचणीने या उपचारात ऑक्झॅलिप्लॅटिनची भर घातली. दुसरी आणि तिसरी अवस्था यांमधील रेषा तोवर भाकिताची होती, ती आता उपचाराची झाली. २०१८ च्या आयडिया या संकलित अभ्यासानंतर तर बाधित ग्रंथी तीनपर्यंत आहेत की चार वा अधिक, यावर औषधे तीन महिने द्यावीत की सहा, हेही काही प्रमाणात ठरू लागले. ज्या मोजणीवर एवढे ओझे आले, ती मोजणी किती काळजीने होते, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

बारा हा आकडा आला कोठून

चरबी विरघळविणारी रसायने वापरून ग्रंथी शोधण्याचे प्रयोग १९८० च्या दशकात झाले. हाताने चाचपून सापडणाऱ्या ग्रंथींपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी अधिक ग्रंथी चरबीत दडलेल्या असतात, आणि कर्कपेशी असलेल्या ग्रंथींपैकी पुष्कळशा पाच मिलिमीटरपेक्षाही लहान असतात, हे त्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. मोठी ती बाधित आणि लहान ती निरोगी, हा समज त्यामुळे मोडीत निघाला. १९९० मध्ये सिडनी येथे भरलेल्या जागतिक जठरांत्रविज्ञान परिषदेच्या कार्यगटाने किमान बारा ग्रंथी तपासाव्यात अशी शिफारस केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पुरस्कृत केलेल्या तज्ज्ञगटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तत्त्वांत तीच संख्या उचलून धरली. २००७ मध्ये अमेरिकेतच तिला रुग्णालयाच्या गुणवत्तेचे माप म्हणून मान्यता मिळाली.

शिफारशीपासून गुणवत्तेच्या मापापर्यंतचा हा सतरा वर्षांचा प्रवास बारकाईने पाहिला तर एक सूक्ष्म अर्थांतर दिसून येते. सिडनीच्या कार्यगटाचा आशय असा होता की, ‘ग्रंथी निरोगी आहेत’ असे म्हणण्याआधी निदान इतक्या तरी पाहिलेल्या असाव्यात. ती नकारात्मक विधानाची पूर्वअट होती. २००७ पर्यंत तिचे रूपांतर ‘चांगल्या रुग्णालयात बारा ग्रंथी सापडतात’ या विधानात झाले. पहिले विधान एका अहवालाच्या विश्वासार्हतेविषयी बोलते, तर दुसरे माणसांच्या कौशल्याविषयी. दोहोंची गल्लत करण्यात बहुतेक गोंधळाचे मूळ आहे.

शिवाय बारा हीच संख्या का, याला समाधानकारक उत्तर त्या वाङ्मयात आढळत नाही. निरनिराळ्या संशोधकांनी सहापासून वीसहून अधिकपर्यंत वेगवेगळ्या संख्या सुचविल्या होत्या. बारा ही त्यांतील व्यवहार्य तडजोड होती. तडजोड असणे हा दोष नव्हे. तडजोडीला सिद्धांताचा मान मिळणे हा दोष आहे.

नमुन्याचे गणित

कोराडीतील वाचकाला येथे कोळशाचे उदाहरण जवळचे वाटेल. औष्णिक विद्युत केंद्रात येणाऱ्या कोळशाचे नमुने काढून त्यावरून उष्मांक व राखेचे प्रमाण ठरविले जाते. नमुना योग्य रीतीने घेतला तर थोड्या किलो कोळशावरून संपूर्ण मालगाडीचा अंदाज बांधता येतो, कारण तेथे सरासरी काढावयाची असते. ग्रंथींच्या बाबतीत सरासरीला काहीच अर्थ नाही. तेथे विचारलेला प्रश्न असा असतो : एखादी तरी बाधित आहे काय? वाघिणीतील कोळसा साधारण किती प्रतीचा आहे हे सांगणे सोपे. त्या वाघिणीत एकही दगड नाही असे शपथेवर सांगणे अवघड.

समजा, काढलेल्या आंत्रबंधात एकूण वीस ग्रंथी आहेत आणि त्यांपैकी एकच बाधित आहे. विकृतिशास्त्रज्ञाच्या हाती कोणत्याही पाच लागल्या, तर ती एक निसटण्याची शक्यता ७५ टक्के राहते. बारा सापडल्या तरी ती ४० टक्के असते. अठरा सापडल्या तर १० टक्क्यांवर येते. बाधित ग्रंथी दोन असतील तर बारा तपासूनही दोन्ही निसटण्याची शक्यता सुमारे १५ टक्के उरते. हे गणित ढोबळ आहे, कारण ग्रंथी चिठ्ठ्या टाकून उचलल्या जात नाहीत. मोठ्या ग्रंथी आधी हाताला लागतात. परंतु त्यातून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. अकरावरून बारावर गेल्याने निसटण्याची शक्यता ४५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर येते, म्हणजे तेवढीच, जेवढी दहावरून अकरावर जाताना घटली होती. अकरा आणि बारा यांच्यामध्ये कडा नाही, केवळ एक उतार आहे. निकषाने त्या उतारावर भिंत बांधली.

पुराव्यातील विसंगती

अधिक ग्रंथी तपासल्या गेलेले रुग्ण अधिक जगतात, याविषयी पुरावा भरपूर आहे. चँग व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेल्या समीक्षणात नऊ देशांतील सतरा अभ्यास व ६१,३७१ रुग्ण यांचा समावेश होता. ग्रंथींची संख्या आणि दुसऱ्या अवस्थेतील रुग्णांचे आयुर्मान यांचा संबंध त्यांपैकी सोळा अभ्यासांत आढळला. निकषाचे समर्थक याच समीक्षणाचा आधार घेतात.

तथापि त्याच वर्षी वाँग व सहकाऱ्यांनी प्रश्न उलट बाजूने विचारला. ज्या रुग्णालयांत सामान्यतः अधिक ग्रंथी तपासल्या जातात, त्या रुग्णालयांतील रुग्ण अधिक जगतात काय? अमेरिकेतील ३० हजारांहून अधिक वृद्ध रुग्णांच्या नोंदींवरून त्यांना असा संबंध आढळला नाही. अधिक ग्रंथी तपासणाऱ्या रुग्णालयांत बाधित ग्रंथी सापडण्याचे प्रमाणही वाढलेले नव्हते. यानंतर २०११ मध्ये पार्सन्स व सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या कालखंडाचा आढावा घेतला. बारा किंवा अधिक ग्रंथी तपासल्या गेलेल्या रुग्णांचे प्रमाण १९८८ ते १९९० या काळात ३४.६ टक्के होते, ते २००६ ते २००८ पर्यंत ७३.६ टक्के झाले. बाधित ग्रंथी असलेल्या रुग्णांचे प्रमाण मात्र ४० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांपर्यंतच गेले. म्हणजे शोध दुप्पट झाला, सापडले जवळजवळ तेवढेच.

या विसंगतीचे नेहमीचे स्पष्टीकरण आल्व्हान फाइनस्टाइन याने १९८५ मध्ये वर्णिलेल्या अवस्थांतराचे दिले जाते. अध्यापकांना ते वर्गातील उदाहरणाने सहज पटेल. ‘अ’ तुकडीतील सर्वांत कमी गुणांचा विद्यार्थी ‘ब’ तुकडीत घातला आणि त्याचे गुण ‘ब’ तुकडीच्या सरासरीहून अधिक असतील, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते. एकाही विद्यार्थ्याचा एक गुणही वाढलेला नसतो. त्याचप्रमाणे अधिक तपासणीमुळे काही रुग्ण दुसऱ्या अवस्थेतून तिसरीत ढकलले जातात आणि दोन्ही अवस्थांचे निकाल सुधारल्यासारखे दिसतात. हे स्पष्टीकरण चतुर आहे, परंतु पार्सन्स यांच्या आकड्यांपुढे ते पुरे पडत नाही, कारण तेथे ढकलले जाणेच फारसे घडलेले नाही.

अधिक संभाव्य असे की, ग्रंथींची संख्या आणि आयुर्मान या दोहोंमागे तिसरेच कारण असावे. ज्या रुग्णाची प्रतिकारशक्ती गाठीविरुद्ध जोमाने कार्य करते, त्याच्या ग्रंथी सुजून मोठ्या होतात व म्हणूनच सहज सापडतात. विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या, सूक्ष्म-उपग्रह अस्थिरता दाखविणाऱ्या गाठींमध्ये असे वारंवार घडते, आणि त्या गाठींचा प्रारंभीच्या अवस्थांतील परिणामही तुलनेने बरा असतो. तरुण वय, उजव्या बाजूची गाठ, काढलेल्या आतड्याची लांबी यांचाही संख्येवर प्रभाव पडतो. यांपैकी पुष्कळशा गोष्टी शल्यविशारदाच्या हातात नाहीत. मग संख्येवरून त्याची परीक्षा करणे कितपत न्याय्य?

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट याने १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात मांडलेले निरीक्षण येथे चपखल बसते : मापाला उद्दिष्ट केले की ते माप म्हणून निकामी होते. २०१० नंतर काही वर्षे एपीआय गुणांची बेरीज मांडत बसलेल्या प्राध्यापकवर्गाला याचे अधिक विवरण नको. शोधनिबंधांची संख्या वाढली म्हणून संशोधन वाढतेच असे नाही, हे ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना बाराव्या ग्रंथीपाशी थांबलेला शोध परका वाटणार नाही.

विदर्भातील परिस्थिती

येथवरचा पुरावा मुख्यतः पाश्चात्त्य आहे. भारतात या कर्करोगाचा प्रादुर्भाव पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत पुष्कळ कमी आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार जगातील सुमारे १९ लाख नव्या रुग्णांपैकी भारतातील सुमारे ७० हजार होते. परंतु जे रुग्ण येतात त्यांचे स्वरूप वेगळे असते. टाटा स्मारक रुग्णालयातून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत होते, गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा होता आणि मुद्रिकाकार पेशींच्या आक्रमक प्रकाराचे प्रमाणही पाश्चात्त्य आकड्यांहून अधिक होते. येथे चाळणी-तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्यापुरता आहे. मोठे आतडे त्यात नाही. रुग्ण बहुधा लक्षणे दिसल्यावर, तीही काही काळ मूळव्याध म्हणून अंगावर काढल्यावर येतो.

गुदाशयाचा वाटा मोठा असण्याला बाराच्या निकषाच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. स्थानिक पातळीवर वाढलेल्या गुदाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार व औषधे देण्याची पद्धत आहे. त्यामुळे ग्रंथी आक्रसतात, काही नाहीशाही होतात. अशा रुग्णात उत्तम शस्त्रक्रिया होऊन, काळजीपूर्वक परीक्षण होऊनही सात-आठ ग्रंथीच मिळाल्या, तर तो निष्काळजीपणा ठरत नाही. काही अभ्यासांनी तर त्यात उपचाराला मिळालेला चांगला प्रतिसाद पाहिला आहे. ज्या देशात बृहदांत्राचे रुग्ण अधिक, तेथे बनलेले माप गुदाशयाचे रुग्ण अधिक असलेल्या प्रदेशात तसेच लावले की असा अन्याय होतो.

नागपूर हे या बाबतीत केवळ शहर नाही. विदर्भातील जिल्ह्यांबरोबरच लगतच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील रुग्णही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, एम्स यांच्याकडे धाव घेतात. मात्र प्रत्येक शस्त्रक्रिया अशा संस्थेत होत नाही. आतडे बंद पडले, पोट फुगले, अशा आणीबाणीच्या प्रसंगी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणीच पोट उघडावे लागते आणि काढलेला भाग बरणीतून नागपूरच्या प्रयोगशाळेकडे रवाना होतो. या बरणीचा प्रवास हा ग्रंथी-परीक्षणाच्या चर्चेतील सर्वांत दुर्लक्षित भाग होय. आतडे न उघडता, अपुऱ्या फॉर्मॅलिनमध्ये, तोंड अरुंद असलेल्या डब्यात कोंबले गेले, तर विदर्भातील उन्हाळ्यात त्याची अवस्था काय होत असेल हे सांगावयास नको. चरबी नीट घट्ट झाली नाही, तर तिच्यातील तीन-चार मिलिमीटरची ग्रंथी बोटांना लागत नाही. तेथे कमी पडलेला आकडा ना शल्यविशारदाचे माप असतो, ना विकृतिशास्त्रज्ञाचे. तो त्या डब्याचे माप असतो.

बरणी सुस्थितीत पोहोचली, तरी पुढचे काम वेळखाऊ आहे. आंत्रबंधाची चरबी दोन-तीन मिलिमीटरच्या कापांत चिरून, प्रत्येक काप चिमटीत दाबून पाहावा लागतो. अध्यापन-रुग्णालयांत हे काम बहुधा पहिल्या वर्षाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे असते, आणि त्याच्या पुढ्यात त्याच दिवशी आलेले इतरही नमुने असतात. शासकीय आरोग्य योजनांच्या पॅकेज-दरांत शस्त्रक्रियेची किंमत ठरलेली असते. चरबी चाचपण्यात खर्च झालेल्या जादा तासाला स्वतंत्र मोल नसते. अशा व्यवस्थेत बारावी ग्रंथी सापडली की सुरी खाली ठेवण्याचा मोह होणे मानवी आहे. निकषाने त्या मोहाला अधिकृत मान्यता दिली, हा त्यावरील गंभीर आक्षेप आहे.

नागपूरमध्ये लोकसंख्याधारित कर्करोग-नोंदणी १९८० पासून आहे आणि तिचे मोल मोठे आहे. पण प्रादुर्भाव मोजणे हे तिचे प्रयोजन. एकेका अहवालातील छेद किती होता, हे तिने टिपावे अशी अपेक्षा करता येत नाही. ते काम रुग्णालयांनी स्वतःच करावयाचे आहे.

कमतरतेची भरपाई कोण करतो

या चर्चेतील खरा प्रश्न येथे आहे. दुसऱ्या अवस्थेतील ज्या रुग्णात बारापेक्षा कमी ग्रंथी तपासल्या गेल्या, त्याला मार्गदर्शक तत्त्वे अधिक जोखमीचा मानतात. युरोपीय वैद्यकीय अर्बुदशास्त्र संस्थेच्या २०२० मधील तत्त्वांत या कमतरतेला गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर फुटल्याच्या बरोबरीने मोठ्या जोखमीचे लक्षण म्हटले आहे. तर्क सरळ आहे : न तपासलेल्या ग्रंथींत रोग असू शकतो, म्हणून सावधगिरी म्हणून रसायनोपचार द्यावेत. वैद्याच्या बाजूने ही भूमिका समजण्याजोगी आहे. परंतु रुग्णाच्या बाजूने पाहिले असता, परीक्षणात राहिलेली उणीव त्याच्या शरीरातून वसूल केली जाते.

ती वसुली लहान नाही. क्वासार चाचणीने २००७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, मुख्यतः दुसऱ्या अवस्थेच्या रुग्णांत फ्लुरोयुरॅसिलमुळे पाच वर्षांच्या जगण्यात सुमारे ३.६ टक्क्यांची भर पडते. म्हणजे शंभरांपैकी तीन-चार रुग्णांना लाभ होतो आणि उरलेल्यांना औषध लाभाविना सोसावे लागते. ऑक्झॅलिप्लॅटिन दिले तर हातापायांच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो. मोझाइक चाचणीत उपचाराच्या काळात सुमारे १२ टक्के रुग्णांना तो तीव्र स्वरूपात झाला होता. पुष्कळांत तो कालांतराने ओसरतो; काहींत वर्षानुवर्षे राहतो. कामठीच्या विणकराच्या किंवा घरी शिलाईयंत्र चालविणाऱ्या स्त्रीच्या बोटांतील बधिरता ही चाचणीच्या तक्त्यातील टक्केवारीहून निराळी गोष्ट आहे. शिवाय गावाहून नागपूरला होणाऱ्या खेपा, बुडणारी मजुरी, सोबतीला येणाऱ्याचा खोळंबा हे हिशेब अहवालाच्या छेदात कधीच उतरत नाहीत.

याची दुसरी बाजूही तेवढीच कठोर आहे. पाच ग्रंथी पाहून ‘रोग नाही’ असे सांगितले गेले, कोणी छेदाकडे लक्ष दिले नाही आणि तिसऱ्या अवस्थेतील रुग्ण औषधाविना घरी गेला, तर झालेले नुकसान बरेचदा यकृतात रोग परतल्यावरच कळते. म्हणून निकष रद्द करावा असे सुचविणे चुकीचे ठरेल. त्याचा उपयोग शेरा मारण्यासाठी न होता प्रश्न विचारण्यासाठी व्हावा, एवढाच येथे आग्रह आहे.

आकड्याच्या आजूबाजूला

तो प्रश्न अहवालातूनच विचारला जाऊ शकतो. रिचर्ड हील्ड याने १९८२ मध्ये गुदाशयाभोवतीचे संपूर्ण आवरण अखंड काढण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि लीड्सच्या फिलिप क्वर्क याने १९८६ मध्ये त्या आवरणाच्या परिघावरील कडेला रोग उरला आहे काय हे पाहण्याचे महत्त्व दाखवून दिले. एर्लांगनच्या होहेनबर्गर याने २००९ मध्ये तोच विचार बृहदांत्राला लावला. आंत्रबंध अखंड निघाला आहे की फाटला आहे, हे डोळ्यांनी दिसते आणि छायाचित्राने जतन करता येते. शस्त्रक्रियेच्या दर्जाची ही साक्ष ग्रंथींच्या संख्येपेक्षा कितीतरी थेट आहे. तरीही अनेक अहवालांत संख्या असते, आवरणाविषयी एक वाक्य नसते. शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार झाले होते काय, मुख्य रक्तवाहिनीच्या मुळाशी असलेली ग्रंथी कोणती व ती कशी होती, चरबीत ग्रंथीविना सुटे कर्कसंचय आहेत काय, या नोंदी नसतील तर चौदा हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. सुट्या संचयांना सध्याच्या टीएनएममध्ये स्वतंत्र स्थान आहे. सर्व ग्रंथी निरोगी असूनही केवळ त्यांच्यामुळे रुग्ण तिसऱ्या अवस्थेत जातो. बाधित ग्रंथींचे एकूण ग्रंथींशी असलेले गुणोत्तर वापरावे अशीही सूचना वेळोवेळी होते, पण छेदच लहान असेल तर गुणोत्तरही तितकेच डळमळीत.

जपानमध्ये शल्यविशारद स्वतः ताज्या नमुन्यातून ग्रंथी वेगळ्या करून, त्या कोणत्या रक्तवाहिनीलगत होत्या याच्या खुणेसह विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवितात. ही प्रथा जशीच्या तशी येथे आणणे कठीण आहे, आणि नमुना फाडून ठेवल्याने आवरणाची अखंडता पाहता येत नाही हा तिच्यावरील आक्षेपही रास्त आहे. परंतु तिच्यामागची धारणा उचलण्याजोगी आहे : ग्रंथी शोधणे हे एकट्या प्रयोगशाळेचे काम नाही. ज्याने रक्तवाहिनी बांधली त्याने नमुन्यावर मुळाशी एक टाका घालून दिला, तरी परीक्षकाला दिशा मिळते. त्याला ना यंत्र लागते, ना निधी.

रक्तातील कर्कजन्य डीएनए शोधून दुसऱ्या अवस्थेतील रुग्णांची निवड करण्याचा मार्ग अलीकडे खुला झाला आहे. २०२२ मधील डायनॅमिक चाचणीत या मार्गाने रसायनोपचार घेणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि रोग परतण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले नाही. ग्रंथींची मोजणी यामुळे कालबाह्य होईल असे भाकीत काही जण करतात. ते घाईचे आहे. ही चाचणी ज्या रुग्णाला परवडते, त्याचा नमुना बहुधा चांगल्या प्रयोगशाळेतच गेलेला असतो. भंडाऱ्याहून डब्यात आलेल्या आतड्याला आजही सुरी, फॉर्मॅलिन आणि एका माणसाचा वेळ हीच साधने आहेत.

त्या वेळेचा सर्वांत फलदायी उपयोग कोठे होतो, हे मात्र निश्चितपणे सांगता येते. ग्रंथी बाराहून कमी भरल्या असता अहवाल पाठविण्यापूर्वी नमुना पुन्हा काढून, चरबी पुन्हा चिरून पाहावी. गरज पडल्यास ती चरबी विरघळविणाऱ्या द्रावणात रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी शोधावी. दुसऱ्या फेरीत आणखी ग्रंथी मिळणे ही नित्याची गोष्ट आहे. पुनर्परीक्षण झाले व तरीही संख्या कमीच राहिली, असे अहवालात स्पष्ट लिहिलेले असेल, तर उपचार ठरविणाऱ्या वैद्याला त्या कमी संख्येचा अर्थ निराळा लावता येतो. उरलेला नमुना प्रयोगशाळा कायम ठेवीत नाहीत. अहवालानंतर काही आठवड्यांत त्याची विल्हेवाट लावली जाते. रुग्ण टाके सुकवून, कागदपत्रे जुळवून कर्करोगतज्ज्ञाकडे पोहोचेपर्यंत हा अवधी बरेचदा उलटून गेलेला असतो. तेव्हा पुन्हा पाहण्याची विनंती करावयाची तर ती शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच, अहवाल हाती पडताच, रुग्ण अजून रुग्णालयात असतानाच केली पाहिजे.